वाहन-धुलाई कक्षातील बंद पडलेला हीटर व त्याच्या सुट्या भागांचा शोध : एक विवेचन

गोषवारा

अमेरिकेचा उत्तर भाग आणि कॅनडा येथील वाहन-धुलाई केंद्रांत कक्ष उबदार ठेवण्यासाठी गॅसवर चालणारे अवरक्त नलिका-हीटर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. ऐन हिवाळ्यात असा हीटर बंद पडला म्हणजे त्याचा सुटा भाग मिळविणे ही वरवर पाहता केवळ खरेदीची बाब वाटते. प्रत्यक्षात ती आधी निदानाची, नंतर ओळख पटविण्याची आणि शेवटी खरेदीची बाब आहे. हा क्रम उलटा झाल्यास पैसा व वेळ तर वाया जातोच, शिवाय मनुष्याच्या जीवालाही धोका उत्पन्न होतो. प्रस्तुत लेखात या तीन पायऱ्यांचे विवेचन करून, कोणता भाग पर्यायी चालतो व कोणता चालत नाही, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अवरक्त हीटर, सुटे भाग, दाब-स्विच, ज्वाला-संवेदन, दुरुस्ती.

१. प्रस्तावना

आपल्याकडे मोटार धुण्याचा आणि थंडीचा संबंध सहसा जोडला जात नाही. परंतु मिनेसोटासारख्या राज्यात तो अत्यंत निकटचा आहे. मिनियापोलिस शहराचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून तेथे मीठ पसरले जाते. हे मीठ पाण्यासह गाडीच्या तळाशी चिकटून राहते व लोखंड गंजविते. म्हणून गाडी धुण्याची खरी निकड तेथे उन्हाळ्यात नसून हिवाळ्यात असते आणि धुलाई केंद्रांचा मुख्य हंगामही हाच असतो.

याच हंगामात पाणी गोठण्याची भीतीही सर्वाधिक असते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे नळ्या फुटतात, पंपांना तडे जातात आणि जमिनीवर बर्फाचा थर जमून ग्राहक घसरून पडतात. यावर तीन उपाय योजले जातात. फवाऱ्याच्या नळीतून पाण्याची बारीक धार सतत वाहती ठेवणे हा पहिला, जमिनीखालील नळ्यांतून ग्लायकॉलमिश्रित गरम पाणी फिरविणे हा दुसरा आणि छताखाली हीटर बसविणे हा तिसरा उपाय होय. यांपैकी तिसऱ्या उपायाची साधने उघड्यावर, ओलसर व क्षारयुक्त हवेत असल्याने वारंवार बिघडतात. प्रस्तुत विवेचन त्यांच्यापुरते मर्यादित आहे.

२. हीटरची रचना व कार्यक्रम

धुलाई कक्षाचा दरवाजा प्रत्येक गाडीगणिक उघडतो आणि तापविलेली हवा बाहेर निघून जाते. म्हणून हवा तापविण्यापेक्षा जमीन व वस्तू थेट तापविणारा हीटर येथे सोयीचा ठरतो. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये ज्या अदृश्य उष्ण किरणांचा शोध लावला, त्या अवरक्त किरणांचाच हा उपयोग आहे. छताखाली सुमारे ४ इंच व्यासाची लांब पोलादी नळी टांगलेली असते. तिच्या एका टोकाला बर्नर असतो. ज्वाला व तप्त वायू नळीतून पुढे जातात, नळी तापते, तिच्यातून किरण बाहेर पडतात आणि वरचा चकचकीत परावर्तक ते खाली वळवितो. जळालेला वायू दुसऱ्या टोकाने इमारतीबाहेर सोडला जातो.

हा हीटर सुरू होण्याचा क्रम ठरलेला असतो. थर्मोस्टॅटने मागणी नोंदविली की प्रथम पंखा फिरू लागतो. पंख्यामुळे निर्माण झालेला दाबातील फरक पुरेसा असल्यास दाब-स्विच जोडला जातो. त्यानंतर काही सेकंद केवळ हवा वाहू दिली जाते, जेणेकरून नळीत साचलेला गॅस निघून जावा. मग इग्नायटर तापतो किंवा ठिणगी पडते, गॅस व्हॉल्व उघडतो व ज्वाला पेटते. ज्वाला खरोखर पेटली आहे, याची खात्री ज्वाला-संवेदक दांडी करून देते. ठरावीक काळात अशी खात्री न पटल्यास नियंत्रक गॅस बंद करतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि काही प्रयत्न फसल्यावर यंत्र कुलूपबंद करतो.

या क्रमातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे. सुट्या भागाचा शोध येथूनच सुरू व्हावयास हवा.

३. पहिली पायरी : निदान

हीटर पेटत नाही, एवढ्या माहितीवरून कोणताही भाग मागविणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. क्रम कोठे खंडित झाला, हे पाहिल्यास संशयितांची संख्या एकदम कमी होते.

(अ) पंखाच फिरत नसेल, तर दोष थर्मोस्टॅट, फ्यूज, २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, रिले, मोटार किंवा तिचा कपॅसिटर यांपैकी एकात असतो.

(आ) पंखा फिरतो पण पुढे काहीच घडत नसेल, तर दाब-स्विच जोडला गेलेला नाही असा अर्थ निघतो.

(इ) इग्नायटर लालभडक होतो पण ज्वाला येत नसेल, तर गॅसपुरवठा, व्हॉल्व किंवा गॅसचे सूक्ष्म छिद्र असलेला जेट तपासावा लागतो. कोळ्याच्या जाळ्यानेही जेट बंद होतो, हे येथे लक्षात ठेवावे.

(ई) ज्वाला येते व काही सेकंदांतच विझत असेल, तर ती ज्वाला नियंत्रकाला दिसत नाही, असे समजावे.

यांपैकी (आ) व (ई) या दोन प्रकारांत सर्वाधिक चुका होतात, म्हणून त्यांचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

दाब-स्विच जोडला जात नाही, तेव्हा तो बिघडला आहे असे मानून नवा मागविला जातो. नवा बसविल्यावरही हीटर तसाच राहतो. याचे कारण असे की, जुना स्विच अनेकदा खरेच सांगत असतो. धुराच्या नळीत पक्ष्याचे घरटे असते, हवेच्या वाटेत बर्फ साचलेला असतो, पंख्याच्या पात्यांवर मळीचा थर असतो किंवा स्विचला जाणाऱ्या बारीक नळीत पाण्याचा थेंब अडकलेला असतो. दाब मोजण्याचे साधे साधन, म्हणजे मॅनोमीटर, लावून प्रत्यक्ष दाब पाहिला की स्विच खोटा की हवेचा प्रवाह अपुरा, याचा निकाल लागतो. स्विचची दोन टोके तारेने जोडून हीटर चालू करण्याचा मोह या ठिकाणी होतो. तसे केल्यास धुराचा मार्ग बंद असतानाही ज्वाला पेटते व कार्बन मोनॉक्साइड कक्षात पसरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे आकर्षण ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक आहे. ज्या भागाला आपण अडथळा समजतो, तोच येथे पहारेकरी असतो.

ज्वाला-संवेदनाचे तत्त्वही असेच लक्षात घेण्याजोगे आहे. ज्वालेत आयन असल्यामुळे ती विजेचे अल्प प्रमाणात वहन करते. दांडीला प्रत्यावर्ती विद्युतदाब दिला असता, बारीक दांडी व मोठा बर्नर यांच्या क्षेत्रफळांतील तफावतीमुळे एका दिशेचा प्रवाह अधिक वाहतो. हा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह म्हणजेच ज्वालेची साक्ष. गाडीला चमक आणणाऱ्या काही द्रव्यांत सिलिकोन असते. त्याची वाफ ज्वालेत गेली की दांडीवर सिलिकाचा पातळ, विजेला अडविणारा थर बसतो. अशा वेळी नियंत्रक बदलण्यापूर्वी दांडी बारीक पॉलिश कागदाने स्वच्छ करून व बर्नरची भूजोडणी तपासून पाहणे हाच योग्य मार्ग होय. अनेक महागडे नियंत्रक केवळ मळलेल्या दांडीपायी विनाकारण बदलले जातात.

४. भाग का निकामी झाला ?

निदानाचा दुसरा भाग कारणांचा आहे. निकामी झालेल्या भागाच्या जागी तसाच नवा भाग बसवून मूळ कारण तसेच ठेवले, तर पुढच्या हिवाळ्यात तोच शोध पुन्हा करावा लागतो. धुलाई कक्षात अशी तीन कारणे प्रामुख्याने आढळतात. पहिले कारण बाष्प. ते बर्नरच्या पेटीत शिरून जोडण्या गंजविते. दुसरे कारण क्षार व स्वच्छता-द्रव्ये. क्लोरिनयुक्त द्रव्यांची वाफ ज्वालेतून गेल्यास हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते व ते नळी आतून खाते. तिसरे कारण म्हणजे ज्वलनासाठी कक्षातीलच हवा घेणे. म्हणून अशा जागी हवा बाहेरून नळीद्वारे घेणे, बर्नरची पेटी बंदिस्त ठेवणे व स्टेनलेस स्टीलचे परावर्तक वापरणे श्रेयस्कर ठरते. बाहेरच्या हवेची नळी निखळलेली असेल, तर ती आधी जोडणे हे नव्या इग्नायटरपेक्षाही महत्त्वाचे आहे.

५. दुसरी पायरी : भागाची ओळख

कोणता भाग हवा हे निश्चित झाल्यावर तो नेमका कोणता, हा प्रश्न उरतो. येथे तीन प्रकारचे क्रमांक समोर येतात व त्यांची गल्लत होते.

पहिला क्रमांक हीटरच्या नेमप्लेटवरील. तीवर मॉडेल, अनुक्रमांक, दर तासाची उष्णता बीटीयूमध्ये, गॅसचा प्रकार, जेटकडील गॅसचा दाब, विद्युतदाब व ज्वालाग्राही वस्तूंपासून ठेवावयाचे अंतर दिलेले असते. उत्तर अमेरिकेत अशा हीटरना आन्सी झेड ८३.२० व सीएसए २.३४ हे संयुक्त मानक लागू होते आणि त्याचाही उल्लेख तेथे सापडतो. दुसरा क्रमांक हीटर बनविणाऱ्या कंपनीने त्या भागाला दिलेला. तिसरा क्रमांक तो भाग प्रत्यक्षात बनविणाऱ्या कंपनीचा. हीटर बनविणाऱ्या कंपन्या व्हॉल्व, नियंत्रक, दाब-स्विच यांसारखे भाग सहसा स्वतः बनवीत नाहीत. ते इतरांकडून घेतात व त्यांवर आपला क्रमांक देतात. त्यामुळे हीटरच्या कंपनीचा क्रमांक कोणत्याही सूचीत सापडला नाही, तरी भागावरील मूळ निर्मात्याच्या क्रमांकाने तो सापडू शकतो.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एकाच बाह्यरूपाच्या दाब-स्विचची जोडणीची मर्यादा वेगवेगळी असते. जलस्तंभाच्या इंचाच्या शंभराव्या भागात मोजला जाणारा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तीच गोष्ट जेटची. नैसर्गिक वायूच्या हीटरमध्ये जेटकडील दाब सामान्यतः ३.५ इंच जलस्तंभ, तर प्रोपेनच्या हीटरमध्ये १० इंच जलस्तंभ असतो. एक घनफूट नैसर्गिक वायूतून सुमारे १००० बीटीयू, तर तितक्याच प्रोपेनमधून सुमारे २५०० बीटीयू उष्णता मिळते. म्हणून प्रोपेनचे छिद्र लहान असते. नैसर्गिक वायूचा जेट प्रोपेनच्या हीटरला लावल्यास ज्वाला अनावर होते. उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून २००० फुटांहून अधिक उंचीवर हवा विरळ असल्याने गॅसचे प्रमाण कमी करण्याची प्रथा आहे. सुमारे ५२८० फूट उंचीवरील डेन्व्हरमधील हीटर व मिनियापोलिसमधील हीटर एकाच मॉडेलचे असूनही त्यांचे जेट भिन्न असू शकतात. तात्पर्य, नेमप्लेट ही हीटरची जन्मपत्रिका आहे. परंतु तो जेथे टांगला आहे त्या जागेची नोंदही तिच्या जोडीने वाचावी लागते.

गंजामुळे नेमप्लेट वाचता येत नसेल, तर नळीची लांबी, बर्नरच्या पेटीचे मापन, पेटीच्या झाकणाच्या आत चिकटविलेली विद्युत आकृती व मूळ खरेदीची पावती यांवरून मॉडेल ठरवावे लागते. झाकणाच्या आतील आकृती बहुधा बाहेरच्या पट्टीपेक्षा अधिक काळ टिकते.

६. कंपन्यांची बदलती नावे

ओळख पटूनही भाग मिळत नाही, याचे एक कारण उद्योगांच्या मालकीतील बदल हे आहे. रेझ्नॉर हे नाव याचे चांगले उदाहरण होय. १८८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मर्सर येथे सुरू झालेला हा हीटरचा उद्योग पुढे थॉमस अँड बेट्स या कंपनीकडे आला. ती कंपनी २०१२ मध्ये एबीबीने घेतली. २०१४ मध्ये हीटरचा विभाग नॉर्टेककडे गेला आणि २०१६ मध्ये नॉर्टेकच मेलरोज या ब्रिटिश उद्योगसमूहाच्या ताब्यात आली. चार वर्षांत तीनदा मालक बदलले, पण हीटरवरचे नाव तेच राहिले.

भागांच्या बाबतीत याच्या उलट घडते. वस्तू तीच राहते व नाव बदलते. हनीवेलने २०१८ मध्ये घरगुती नियंत्रकांचा व्यवसाय रेझिडिओ या स्वतंत्र कंपनीच्या रूपाने वेगळा केला. इमर्सनच्या व्हाइट-रॉजर्स या नावाने ओळखले जाणारे गॅस व्हॉल्व व नियंत्रक २०२३ पासून कोपलँड या कंपनीच्या छत्राखाली आले. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या भागावरील नावाने शोध घेणाऱ्यास तो भाग बंद झाला असे वाटते. वस्तुतः त्याला नवा क्रमांक मिळालेला असतो. जुन्या क्रमांकावरून नवा क्रमांक दाखविणाऱ्या तुलना-सूच्या निर्माते व घाऊक विक्रेते ठेवतात. शोधाचे हे सर्वांत उपयुक्त पण दुर्लक्षित साधन आहे.

७. तिसरी पायरी : पर्यायी भागांची मर्यादा

मूळ भाग खरोखरच बंद झालेला असेल, तर पर्यायी भाग घ्यावा काय ? याचे सरसकट उत्तर देता येत नाही. भागांचे तीन वर्ग करणे सोयीचे ठरते.

पहिल्या वर्गात थर्मोस्टॅट, ट्रान्सफॉर्मर, रिले व फ्यूज येतात. यांचे कार्य विद्युत स्वरूपाचे असल्याने दाब, क्षमता व ओलाव्यापासून संरक्षण जुळल्यास कोणत्याही मान्यताप्राप्त कंपनीचा भाग चालतो.

दुसऱ्या वर्गात पंख्याची मोटार, इग्नायटर व नियंत्रक येतात. येथे केवळ बसणे पुरेसे नाही. मोटारीची गती, फिरण्याची दिशा व दांड्याचा व्यास जुळला पाहिजे, कारण हवेचे प्रमाण बदलले की ज्वलन बदलते. सिलिकॉन कार्बाइडचा इग्नायटर ठिसूळ असतो व सिलिकॉन नायट्राइडचा अधिक दणकट. परंतु दोहोंचा विद्युतदाब व तापण्यास लागणारा वेळ सारखा असेलच असे नाही. नियंत्रकाच्या बाबतीत आधी हवा वाहू देण्याचा काळ, पेटविण्याचा काळ व प्रयत्नांची संख्या या तिन्ही गोष्टी मूळच्या नियंत्रकाप्रमाणेच असाव्यात.

तिसऱ्या वर्गात दाब-स्विच, गॅस व्हॉल्व व जेट येतात. यांच्या बाबतीत हीटर बनविणाऱ्या कंपनीने मान्य केलेला भागच घ्यावा. जेटचे छिद्र हाताने मोठे करणे, अंदाजाने दाब-स्विच निवडणे किंवा जुन्या हीटरमधून काढलेला व्हॉल्व बसविणे या कृती अक्षम्य आहेत. गॅसचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घेण्याचा दंडक कॅनडात आहे. अमेरिकेत याविषयीचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. परंतु भाग बदलल्यावर दाब मोजणे, गळती तपासणे व धुरातील कार्बन मोनॉक्साइड पाहणे हे काम सर्वत्र सारखेच आवश्यक आहे.

मान्य भाग कोठेच मिळत नसेल, किंवा नळीलाच आतून गंजून भोके पडली असतील, तर हीटर बदलणे क्रमप्राप्त ठरते. भोके पडलेल्या नळीला ठिगळ लावणे म्हणजे धूर कक्षात घेणे होय. उलट नळी व बर्नर शाबूत असताना केवळ एका दाब-स्विचसाठी संपूर्ण हीटर भंगारात काढणे हेही योग्य नाही.

८. आपल्या संदर्भात

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत धुलाई कक्षाचा हीटर नाही, पण प्रयोगशाळेतील ओव्हन, सेंट्रिफ्यूज किंवा ऊर्ध्वपातन यंत्र एका लहानशा भागासाठी कोपऱ्यात पडून राहिल्याचे दृश्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राचे नाव, किंमत व खरेदीची तारीख असते. मॉडेल व अनुक्रमांक, आतील भागांवरील निर्मात्यांचे क्रमांक आणि विद्युत आकृती मात्र बहुधा नसते. यंत्र चालू स्थितीत असतानाच ही नोंद केली, तर पुढील शोध निम्मा सोपा होतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने ही त्यांतील प्रमुख क्षेत्रे होत. हक्काची ही जाणीव स्वागतार्ह आहे. तथापि, आपल्यापाशी नेमके काय आहे याची नोंदच नसेल, तर हक्क असूनही योग्य भाग मागता येणार नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, सुट्या भागाचा शोध हा मूलतः एका वस्तूचा शोध नसून एका कार्याचा शोध आहे. क्रम कोठे तुटला, तो भाग तेथे कोणते काम करीत होता, तो का निकामी झाला व त्याचे काम दुसरा भाग तितक्याच सुरक्षितपणे करील काय, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच क्रमांक व किंमत यांना अर्थ प्राप्त होतो. ऐन थंडीत, रांगेत गाड्या उभ्या असताना, या प्रश्नांसाठी थांबणे जड जाते हे खरे. परंतु दाब-स्विचची दोन टोके तारेने जोडून वाचविलेला एक तास कोणाच्या तरी जिवाशी गाठ घालू शकतो. म्हणून मॅनोमीटर व नेमप्लेट यांच्यापासून आरंभ करणे हाच या शोधाचा जवळचा व सुरक्षित मार्ग होय.